स्केट्सना घरच्या घरी मोटर: चाक फिरतं हो, पण वरचा माणूस?

रील्सवर सध्या हा प्रकार सारखा दिसतो. इनलाइन स्केटच्या टाचेमागे मोटर, हातात छोटासा रिमोट, आणि गडी पाय न हलवता सरळ उभा राहून रस्त्याने मस्त चाललाय. खाली सगळ्यांचा एकच प्रश्न, "भाई, किधर मिलेगा?" तयार सहसा मिळत नाही, बहुतेकांनी घरीच बनवलेलं असतं, आणि बनवता येतं का तर हो, येतं. पण माझं मत आधीच सांगून टाकतो, यात चाक फिरवणं हा सोपा भाग आहे, सामान मुंबईत लॅमिंग्टन रोड (इलेक्ट्रॉनिक्स) आणि नागदेवी स्ट्रीट (हार्डवेअर) मिळून जमतं. खरी गोची चाकावर उभ्या असलेल्या माणसाची आहे, कारण या गाडीला हँडल नाही, सीट नाही, सस्पेन्शन नाही, जे काय आहे ते तुमचे घोटे आणि गुडघे.

म्हणून हे सगळं प्रकरण नीट समजून घेऊ, मग बनवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

किती ताकद लागते?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. सामानासकट ७५ किलोचा माणूस धरा, सपाट रस्ता, ताशी २० किमी वेग. या वेगाला हवा साधारण ११ न्यूटन जोराने मागे ढकलते (१ न्यूटन म्हणजे हातात शंभर ग्रॅमची वस्तू धरल्यावर जेवढा भार जाणवतो तेवढा) आणि चाकं घासण्यात अजून १२-१४ न्यूटन जातात, म्हणजे एकूण २५ न्यूटन, अडीच किलोचा भार. याला सेकंदाला साडेपाच मीटर या वेगाने गुणलं की १४० वॅट येतात, आणि पट्टा, मोटर, वायर यात जे वाया जातं ते धरून बॅटरीतून २०० वॅटच्या आसपास ओढले जातात. घरातलं मिक्सर यापेक्षा जास्त खातं.

चढ आला की मात्र गणित बदलतं. शंभर मीटरला चार मीटर चढणारा फ्लायओव्हरचा उतार घेतला तर एकट्या त्या चढासाठी २९ न्यूटन वाढतात, म्हणजे लागणारं बळ दुपटीच्या वर जातं. (फ्लायओव्हरवर स्केट्स घालून जा असं मी म्हणत नाहीये, कृपया.)

मग मोटर जोडायची कुठे? इथेच पहिली गफलत होते

सायकल किंवा गाडी डोळ्यासमोर असते म्हणून आपण म्हणतो, आसाला मोटर जोडली की चाक फिरेल. स्केट्सचं तसं नाहीये. स्केटमधला आस हा नुसता बोल्ट असतो, तो फ्रेममध्ये घट्ट आवळलेला असतो आणि कधीच फिरत नाही, फिरतं ते चाक, आतल्या दोन बेअरिंगवर. ही ६०८ नंबरची बेअरिंग, आतून ८ मिमी, बाहेरून २२ मिमी, रुंदी ७ मिमी, कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतात. म्हणजे मोटरचा जोर आसाला नाही, थेट चाकालाच द्यायचा, आणि त्यासाठी चाकाच्या बाजूला दात्यांची पुली आवळून बसवावी लागते, मोटरवरून येणारा दातेरी पट्टा तिला फिरवतो.

आता ते चाक हातात घेऊन बघा. बाहेरून मऊ पॉलियुरेथेन, आत कडक प्लॅस्टिकचा गाभा, त्या गाभ्यात आऱ्या. पुली बसवायची ती त्या आऱ्यांमधून लांब बोल्ट आरपार काढून, मऊ भागात स्क्रू घुसवलात तर पहिल्याच जोराला तो भाग फाटून येणार. साकीनाक्याला किंवा कुर्ल्याला लेथवर चाक नेलंत तर तिथले काका पहिली गोष्ट हीच बघतील, चाक चकमध्ये (लेथच्या पकडीत) बाहेरून धरलं की मऊ असल्यामुळे दबतं आणि भोक तिरकं पडतं, त्यामुळे बेअरिंग काढून आतल्या बावीसच्या भोकावर पकड घ्यावी लागते. पुली जराशी जरी केंद्र सोडून बसली तर पट्टा एकदा ताणतो, एकदा सैल होतो, आणि दात्यांवरून उड्या मारायला लागतो.

दुसरी अडचण जागेची. ८० मिमीच्या चार चाकांमध्ये जेमतेम एखाद-दोन मिमीची फट असते आणि दोन्ही बाजूंना फ्रेमच्या भिंती असतात, मग पुली मावणार कुठे? म्हणून बहुतेक जण शेवटचं चाक फ्रेमच्या मागे वाढवलेल्या पट्टीवर नेतात आणि मोटर टाचेच्या मागे, वरच्या बाजूला बसवतात. बाजूला बसवून चालत नाही, कारण वळताना स्केट तिरकं होतं आणि मोटर रस्त्याला घासते.

मोटर कुठली, आणि वेगाचं गणित

वापरतात ती बीएलडीसी मोटर, म्हणजे ब्रश नसलेली मोटर, मोठ्या ड्रोनमध्ये आणि इलेक्ट्रिक स्केटबोर्डमध्ये असते तीच जात. तिच्यावर एक आकडा लिहिलेला असतो, केव्ही, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. १९० केव्हीची मोटर २२ व्होल्टवर रिकामी फिरवली तर मिनिटाला ४,१८० फेरे घेते.

आपल्याला हवेत किती? ८० मिमी चाकाचा घेर २५ सेंटीमीटर, ताशी २० किमीसाठी मिनिटाला १,३३० फेरे पुरतात. म्हणजे मोटरचा वेग तीनाने भागायचा, मोटरला १२ दात्यांची पुली, चाकाला ३६ दात्यांची, बास, काम झालं. ५ मिमी दात्याच्या पट्ट्याची ३६ दात्यांची पुली साधारण ५७ मिमीची होते, ८० च्या चाकाला लागून रस्त्यापासून वर राहते.

आता इथे सगळे काय करतात, तर स्कूटरची ३६ व्होल्टची बॅटरी मिळाली म्हणून तीच लावतात. मोटर तीच, पुल्या त्याच, पण वेग जातो ताशी ३४ किमीवर. पट्टीने मोजून बनवलेली गोष्ट एका बॅटरीने दुसऱ्याच लायकीची होऊन बसते. म्हणून वेगाची हद्द व्होल्टेजमध्येच ठरवा, "मी रिमोट अर्धाच दाबेन" या वचनावर विसंबू नका.

मोटर आणि बॅटरीच्या मधे कंट्रोलर लागतो, हॉबीवाले त्याला ईएससी म्हणतात. रिमोट किती दाबलाय ते बघून मोटरला किती करंट द्यायचा ते हा ठरवतो. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी बनवलेलं व्हीईएससी नावाचं खुलं डिझाइन यात सगळ्यात जास्त चालतं, कारण त्यात करंटची मर्यादा, सुरुवात किती हळू करायची, रिमोटचा सिग्नल तुटला तर काय करायचं, हे सगळं आपल्याला सेट करता येतं. ड्रोनचा स्वस्त ईएससी घेऊ नका, तो पंखा फिरवायला बनवलेला असतो, पंखा सुरू होताना मोकळा फिरतो, इथे सुरुवातीलाच माणसाचं वजन ओढायचंय.

"घरी कॉर्डलेस ड्रिल आहे, तेच लावलं तर?"

कल्पना वाटते तेवढी वेडी नाही, अठरा व्होल्टचं ड्रिल दुसऱ्या गिअरवर साधारण आपल्याला हवे तेवढेच फेरे घेतं आणि गिअरबॉक्स फुकट मिळतो. पण एक बघा, ट्रिगर सोडला की बऱ्याच ड्रिलचं चक टकन थांबतं. तो आत मुद्दाम दिलेला इलेक्ट्रिक ब्रेक असतो. भिंतीत भोक पाडताना तो सोयीचा, पण वीसच्या वेगाला पायाखालचं चाक टकन थांबलं की तुम्ही थांबत नाही, तुम्ही पुढे जाता, नाकावर. शिवाय ड्रिल थोडा वेळ चालवायचं यंत्र आहे, अर्धा तास सलग ओढलं की जळका वास येणार.

खरी गोष्ट: पाय पुढे जातात, आपण मागे राहतो

लोकल सुटताना काही न धरता उभे असलात तर काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. गाडी पायांना पुढे नेते, वरचं धड तिथेच राहू बघतं, आणि आपण मागच्या माणसाच्या अंगावर. मोटर लावलेल्या स्केट्समध्ये दर वेळी रिमोट दाबला की हेच होतं, फरक एवढाच की लोकलमध्ये पाय फाकवून टेकता येतात आणि इथे पायाखाली गोल चाकं आहेत.

आकड्यात बघू. शरीराचा तोल जिथे असतो तो बिंदू जमिनीपासून साधारण एक मीटर वर. स्केटच्या पहिल्या आणि शेवटच्या चाकात अंतर २४ सेंटीमीटर, म्हणजे मधोमध उभे राहिलात तर मागे कलंडण्याआधी हाताशी फक्त १२ सेंटीमीटर. यावरून हिशेब केला तर पुढे न झुकता फार तर दर सेकंदाला १.२ मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढवलेला चालतो, शून्यापासून वीसवर यायला साडेचार-पाच सेकंद. यासाठी लागतो ९० न्यूटन. आणि वर सांगितलेली ती मोटर ४० अँपिअर करंटला चाकापाशी दीडशे न्यूटनपर्यंत जोर मारू शकते. मोटर कमी पडत नाही, जास्त होते.

याच्या पुढचं लोकांच्या लक्षातच येत नाही. मोटरचं चाक शेवटचं आहे. सरळ उभे असताना एका पायावर अर्धं वजन, ते चार चाकांत वाटलेलं, म्हणजे मोटरच्या चाकावर नऊ-दहा किलो, तेवढ्यात पकड बेताचीच असते आणि जास्त जोर दिला की चाक नुसतं घसरून गरगरतं. पण तुम्ही जरा मागे झुकलात की सगळं वजन त्याच शेवटच्या चाकावर येतं, पकड एकदम वाढते, चाक आणखी जोरात पुढे पळतं, तुम्ही आणखी मागे जाता. पडायला लागलात की यंत्र पडायला मदत करतं! उलट घाबरून फार पुढे झुकलात तर चाकावरचं वजन जातं आणि ते नुसतं फिरत बसतं. म्हणून करंटची मर्यादा आणि हळू सुरुवात हे सेटिंग मोटरच्या ब्रँडपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

उभं राहायची पद्धतही ठरलेली आहे. पाय शेजारी-शेजारी नकोत, एक पुढे एक मागे, गुडघे वाकलेले, म्हणजे १२ सेंटीमीटरचे चाळीस होतात. मोटरचा पाय मागे ठेवायचा. तो पुढे ठेवलात तर तो एकटाच पळून जातो आणि कमरेच्या स्नायूंची परीक्षा होते.

"स्केटबोर्डला जमतं, मग स्केट्सना का नाही?"

स्केटबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीवर असतात. इथे दोन वेगळ्या गाड्या आहेत आणि त्यांना जोडणारा सांधा म्हणजे तुमची कंबर. दोन्ही पायांना मोटर लावली आणि एकीने जरा जास्त खेचलं, एका पायाखाली वाळू आली, एका रिमोटचा सिग्नल क्षणभर चुकला, की पाय फाकलेच. म्हणून सुरुवातीला एकाच पायाला मोटर बरी, दुसरा पाय मोकळा, तोल सावरायला आणि ब्रेकला.

आणि वजन विसरू नका. ६३ मिमी जाडीची ही मोटर एकटी पाऊण-एक किलोच्या घरात असते, वर ब्रॅकेट, पुल्या, पट्टा. स्केट मुळातच दीड-दोन किलोचं, ते पायाच्या टोकाला आणखी जड झालं की पाय उचलून स्केटिंग करायची मजाच जाते. मोटर बंद असताना चाक पट्ट्यातून तिलाही उगाच फिरवत राहतं, तोही अडथळाच.

मला विचाराल तर पायाला मोटर लावायचीच नाही. इलेक्ट्रिक किक स्कूटरचं मोटर आतच असलेलं चाक मिळतं, ३६ व्होल्ट, २५० वॅट. ते एका फोर्कमध्ये बसवून त्याला लांब दांडा लावायचा आणि दांडा हातात धरून त्याच्यामागे ओढलं जायचं. यात पट्टा नाही, पुली नाही, लेथ नाही. ब्रेक हातात येतो. सगळ्यात मोठा फायदा हा, की ओढ पायाला न बसता हाताला, म्हणजे तोलाच्या बिंदूच्या जवळपास बसते, त्यामुळे मागे पडायचा प्रश्न जवळजवळ संपतो, आणि काही बिघडलं तर दांडा सोडून द्या, तुम्ही परत साध्या स्केट्सवर. रीलमध्ये हे तेवढं भारी दिसत नाही, मान्य.

पाठीवर पंखा बांधणारेही आहेत. ओढ उंचावर बसते हे बरोबर, पण हवा मागे फेकण्यात एवढी ऊर्जा जाते की चाकाला १४० वॅट लागतात तिथे पंख्याला तिपटीच्या वर मोजावे लागतात. आवाज वेगळा, आणि फिरतं पातं गर्दीच्या शहरात कुणाच्या ओढणीला लागलं तर काय होईल ते लिहायचीही इच्छा नाही.

हे आजचं खूळ नाही बरं का. डेट्रॉईटच्या एका कंपनीने गेल्या शतकातच पाठीवर पेट्रोलचं इंजिन बांधायचे रोलर स्केट्स विकायला काढले होते, पेट्रोल पंपावर टाकी भरून घेणाऱ्या माणसाचा त्याचा १९६१ चा फोटो अजून फिरतो.

थांबायचं कसं?

साध्या स्केट्सना उजव्या टाचेला रबरी ब्रेक असतो. आणि मोटर कुठे बसते? टाचेमागे! म्हणजे बरेच जण मोटर बसवायला ब्रेकच काढून टाकतात. कृपा करून मोटर डाव्या पायाला लावा आणि उजव्याचा ब्रेक राहू द्या.

"पण मोटरच ब्रेक लावते ना?" लावते, उलट वीज तयार करून वेग कमी करते आणि ती बॅटरीत परत जाते. यात दोन फटी आहेत. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागा नसते, संरक्षणाचं सर्किट जोडणी तोडतं आणि ब्रेक गायब, म्हणजे घरातून फुल चार्ज करून निघालात आणि पहिलाच उतार आला तर नेमकं तेव्हाच. दुसरं, पट्टा तुटला की मोटरचाही ब्रेक संपला.

टाचेच्या ब्रेकवर वीसच्या वेगाला थांबायला साधारण दहा मीटर लागतात, तीसला तेवीसच्या आसपास, आणि यात "अरे बाप रे" म्हणायला लागलेला वेळ धरलेला नाही. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट.

रिमोट स्प्रिंगचाच हवा, बोट सुटलं की शून्यावर येणारा, आणि शून्य म्हणजे मोकळं फिरणं, ब्रेक नव्हे.

बॅटरी: इथे जुगाड नको

६ सेल ओळीने, अशा ४ ओळी शेजारी, म्हणजे १८६५० आकाराचे २४ सेल, साधारण २२ व्होल्ट, १० अँपिअर-तास, वजन एक किलोच्या थोडं वर. कागदावर तासभर चालेल, खऱ्या रस्त्यावर १२-१४ किमी धरा. याला बीएमएस लागतंच, म्हणजे प्रत्येक सेल जास्त भरू न देणारं आणि जास्त रिकामा होऊ न देणारं सर्किट.

सेल घेताना छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. या आकाराच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या (म्हणजे साडेतीन अँपिअर-तासाच्या) आसपास असते, त्यामुळे ९,९०० लिहिलेला दिसला की दुकानदाराला नमस्कार करून पुढे निघा. खिशात छोटा वजनकाटा असला तर उत्तम, खरा सेल ४५-४८ ग्रॅम भरतो, फारच हलका लागला तर आत माल नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल तर नकोच, प्रत्येकाचं वय वेगळं. आणि सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवू नका, उष्णतेने आतून खराब होतो, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडून घ्या.

बॅटरी कुठे ठेवायची यावर भांडणं होतात. कमरेमागे नको, कारण पडलात तर मणका आणि बॅटरी यांची गाठ पडते. कडक डब्यात घालून पाठीच्या वरच्या भागात सॅकमध्ये बरी. कंट्रोलर बॅटरीजवळच ठेवा आणि मोटरकडे जाणाऱ्या तीन वायर लांब करा, उलटं केलंत, बॅटरीच्या वायर लांब ठेवल्यात, तर व्होल्टेजच्या झटक्यांनी कंट्रोलर उडतो. चार्जिंग रात्री झोपताना पलंगाखाली नको. वन रूम किचनमध्ये दाराशी काही पेटलं तर बाहेर पडायला दुसरी वाट नसते.

"२५० वॅटच्या आत असलं की लायसन्स लागत नाही ना?"

हे अर्धवट ऐकलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवरच्या वाहनाला सूट आहे, मोटरची तीस मिनिटांची ताकद (म्हणजे सलग अर्धा तास देता येईल ती) पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी असेल तर. पण ही गोष्ट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयने, तपासून प्रमाणित केलेली असावी लागते. घरच्या गॅलरीत बनवलेल्या स्केट्सना ते प्रमाणपत्र कुठून आणणार? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतच्या छोट्या इंजिनालाही सूट आहे, पण ती चारपेक्षा कमी चाकं असतील तर, आणि आपल्या पायाखाली आठ आहेत! गंमत सोडा, पण सार्वजनिक रस्त्यावर तुम्ही नोंदणी आणि विमा नसलेलं वाहन चालवताय असं कुणी म्हटलं तर दाखवायला तुमच्या हातात कागद नाही, आणि कुणाला धडक बसली तर भरपाई खिशातून. बेदरकार चालवल्याचं कलम, भारतीय न्याय संहितेचं २८१, हे वेगळंच.

मग मुंबईत चालवायचं कुठे?

आवारात. सोसायटीचं रिकामं पोडियम, सेक्रेटरींना विचारून, मुलं खेळत नसताना. मरीन ड्राइव्हच्या किंवा वरळी सी फेसच्या कट्ट्यालगत चालणारे, पळणारे, कुत्री, फुगेवाले, तिथे मोटर नको. पेव्हर ब्लॉकच्या फटी ८० मिमीच्या चाकाला अडवायला पुरेशा आहेत, एक खडा आला तरी चाक अडतं, आणि स्वतः स्केटिंग करताना गुडघे वाकलेले असतात तसे मोटरवर उभ्या माणसाचे राहत नाहीत. नव्या काँक्रीट रस्त्यांवरच्या आडव्या रेघांनी नट ढिले होतात, सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) वापरा आणि दर वेळी निघण्याआधी हाताने हलवून बघा. पावसाळ्यात तर विषयच बंद, ओल्या रंगवलेल्या पट्ट्यावर पकड खूपच कमी होते, आणि खाऱ्या हवेने कनेक्टरवर हिरवं चढतं ते वेगळं.

आणि पहिल्यांदा सुरू करताना स्केट पायात नको. टेबलाला क्लँप करून चाक हवेत ठेवा, पट्टा सरळ चालतोय का बघा, मग रिमोट मुद्दाम बंद करून बघा मोटर मोकळी पडते का. ती फिरतच राहिली तर कंट्रोलरचं सेटिंग बदला आणि परत टेबलावरच बघा. हे जमलं की हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि मनगटाचे गार्ड घाला, कारण माणूस पडताना आधी हात टेकतो.